संत आर्तेमिओसची पहिली जत्रा

२८ सप्टेंबर, रविवार

चाळीस युरो वाचवायला गेलो, त्याचा हा हिशेब.

जानेवारीत मी एका हॉटेलला विकलेला दोन दारांचा फ्रीज बंदरावर उतरला. दोन हमाल वीस-वीस युरो मागत होते. मी म्हटलं, याच धक्क्यावर बर्फाच्या लाद्या वाहून मी मोठा झालो, मला काय शिकवता? आणि उचलला. फ्रीजला ओरखडासुद्धा आला नाही. मी मात्र तिथेच वाकलो तो वाकलोच. हर्निया अडकला आणि त्याच दिवशी उत्तरेचा वारा बाराच्या मापात दहावर गेला. तीन दिवस एक बोट सुटली नाही. चौथ्या दिवशी अथेन्स. ऑपरेशन आणि जाणं-येणं धरून ४,६५० युरो.

पण खरा खर्च त्या तीन दिवसांतलाच. दुसऱ्या दिवशी मी कण्हत पडलेलो असताना अनेझो उशाशी बसून संत आर्तेमिओसला नवस बोलली. बाकीच्या संतांकडे समुद्र आहे, वादळं आहेत, हरवलेल्या वस्तू आहेत. याच्याकडे हर्नियाचं खातं. "माझा नवरा उठून बसू दे, मी तुला घर बांधते. आणि दर वर्षी तुझ्या जत्रेला माणसं जेवू घालते. तुझं घर रिकामं नाही ठेवणार." घर कोणाच्या पैशानं, हे संतानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दगड, चुना, सिमेंट, मिस्त्री मिळून ३१,२००. घंटा ९००. प्रतिमा १,२५०. एकूण अडतीस हजार. हमाल केले असते तर चाळीस.

तरी आज शेवटचा चुन्याचा हात फिरला आणि आनो मेरा गावापलीकडच्या माझ्या शेतात ते पांढरंशुभ्र चॅपल, वर तांबडा घुमट, असं उभं राहिलेलं पाहिलं तेव्हा मला एक युरोचंही वाईट वाटलं नाही. आमच्या घराण्यात कोणाचं चॅपल नव्हतं. मिकोनोस बेटावर ज्याच्या आजोबाकडे चार शेळ्या आणि एक होडी होती, त्याचंही चॅपल असतं. आमच्या आजोबाकडे शेळ्या होत्या, पण त्या दुसऱ्याच्या.

कॉफी पिताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शंभर वर्षांनीसुद्धा लोक म्हणतील, झान्नीचा आर्तेमिओस!" इथे संत निकोलसची बारा आणि मारियाची वीस चॅपलं आहेत, म्हणून चॅपल ज्यानं बांधलं त्याच्या नावानंच ओळखतात.

चॅपल बांधणारा मिस्त्री फ्राँजेस्कोस, जो माझ्या लग्नात माझ्या शेजारी मुकुट धरून उभा होता आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कुंबारे, म्हणाला, "लोक काय म्हणतील ते लोकांवर सोड, कुंबारे. एकोणऐंशी साली माझ्या हातून एक भिंत तिरकी गेली. आजही माझं नाव 'वाकडा' आहे."

मी म्हटलं, "माझी भिंत सरळ आहे ना?"

"तुझी सरळ आहे," तो म्हणाला, "म्हणून तर काळजी वाटते. लोकांना धरायला काही नाही."

१ ऑक्टोबर, बुधवार

शेजारच्या शेतातल्या कालिर्रोईमावशीकडे गेलो होतो. वय ब्याऐंशी, डोळे ससाण्याचे. माझा बाप त्यांच्याकडे मजूर होता. तो गेला तेव्हा आमच्याकडे त्याला ठेवायला भिंत नव्हती, म्हणून इथल्या रीतीप्रमाणे त्याची पुरलेली हाडं काढून, धुऊन त्यांच्या चॅपलच्या भिंतीत, त्यांच्या पूर्वजांशेजारी ठेवली. अडतीस वर्षं झाली.

मी म्हटलं, "मावशी, आता माझी भिंत झाली. बापाला घेऊन जातो."

"ने की. तुझाच बाप आहे. पण त्याला विचारलंस का?"

"त्याला कसं विचारू?"

"मी रोज दिवा लावायला जाते तेव्हा बोलते त्याच्याशी. माझ्या सासऱ्याशेजारी आहे. जिवंतपणी दोघं बोलत नव्हते, आता बरं चाललंय. तू नवीन घरात एकटा नेऊन ठेवणार. कोणाशी बोलेल?"

म्हाताऱ्या माणसांशी वाद घालायचा नाही, हे मी धंद्यात शिकलोय. जत्रेनंतर बघू म्हणालो.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज मोठं काम केलं. जत्रा एकोणीसला, म्हणजे संताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. लोक नुसते सांगतात, किती माणसं येतील कोण जाणे. मी तसला माणूस नाही. तीनशे हॉटेलांचे फ्रीज मी यादी करून सांभाळतो. दुकानात दार लावून बसलो आणि त्रेचाळीस जणांना एकामागून एक फोन केले. "झान्नी बोलतोय. एकोणीस तारखेला संध्याकाळी माझ्याकडे जत्रा आहे. किती जण याल तेवढं कळवा, म्हणजे ताटं मोजता येतील."

सगळे फार नम्रपणे बोलले. गंमत म्हणजे सगळ्यांना एकच काळजी. "बघू, वारा कसा असतो." बंदरावरचा मासळीवाला म्हणाला, आनो मेराचा डॉक्टर म्हणाला, बेकरीवाली म्हणाली. मी पण म्हटलं, खरंच, वाऱ्याचा विचार करायला हवा. चॅपलच्या उत्तरेला ताडपत्री लावायची.

अथेन्सहून तीन स्टीलची पातेली मागवली, प्रत्येकात शंभर माणसांचं सूप, खाली गॅसची शेगडी. दोन सिलिंडर सांगितले. एवढी पातेली या बेटावर कोणाकडे नाहीत.

६ ऑक्टोबर, सोमवार

सगळे ज्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणतात त्या लिनार्दोसकडे गेलो. बोकडाच्या कातड्याची पिशवी फुगवून वाजवणारे आता इथे दोन-तीनच उरले, त्यातला हा पहिला. अंगणात खुर्चीत बसून शेंगा सोलत होता.

"बार्बा लिनार्दो, एकोणीसला संध्याकाळी पाच ते नऊ. तीनशे युरो. अर्धे आत्ता."

"चार तासांचे?"

"चार तासांचे."

"मग पाचव्या तासाला काय करू? पिशवीतली हवा सोडून देऊ?"

"पाचव्याचे वेगळे देईन."

त्यानं एक शेंग सोलली, दुसरी सोलली. "झान्नी, तुझ्या बापाच्या लग्नात माझ्या बापानं वाजवलं. तुझ्या बापानं त्याला काय दिलं, माहीत आहे?"

"काय?"

"शिव्या. पहाटे दमून थांबला म्हणून." मग म्हणाला, "बघू. वारा कसा असतो."

घासाघीस करतोय. पुढच्या वेळी साडेतीनशे सांगेन.

८ ऑक्टोबर, बुधवार

माझे कान अजून चांगले आहेत. कॉफीच्या दुकानात मी वर्तमानपत्रामागे होतो. मागच्या टेबलावर दोघं.

"तू जाणार का एकोणीसला?"

"आम्हाला कुठे बोलावलंय? यादी आहे म्हणे. रिसेप्शन आहे."

"मला बोलावलंय."

"मग तू जा. सूट घाल. टाय लाव. दारात नाव विचारतील."

"वेडा आहेस का? मी काय फ्रीज विकत घेतलाय त्याच्याकडून?"

आणि हसले. माझ्या लक्षात आलं, यादी अपुरी होती. दुकानात येऊन आणखी बावीस जणांना फोन लावले. एकूण पासष्ट. त्या बावीस जणांनाही वाऱ्याचीच काळजी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अनेझोला कळलं. कालिर्रोईमावशीकडून. मी घरी आलो तेव्हा ती कांदे चिरत होती आणि सुरी हातातच होती.

"तू फोन केलेस?"

"केले."

"यादी करून?"

"मग काय, आठवणीवर सोडू?"

"आणि म्हणालास काय?"

मी म्हणालो ते सांगितलं.

"'माझ्याकडे' म्हणालास?"

"मग? शेत माझं, चॅपल माझं."

"जत्रा संताची असते, झान्नी. लोक संताकडे येतात, त्यांना बोलावणारा तू कोण? आजवर आपल्याला जत्रेसाठी कोणी कधी फोन केला?"

मी विचार केला. कोणी केला नव्हता. "तेव्हा फोन नव्हते," मी म्हटलं.

"गेल्या महिन्यातही नव्हते?"

ती खुर्चीत बसली आणि एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. कांदा होता असं ती म्हणाली. मग एकदम थांबली. "ज्यांना फोन आला त्यांना वाटतंय, हॉटेलातल्या जेवणासारखं बोलावलं. ज्यांना नाही आला त्यांना वाटतंय, वगळलं. म्हणजे कोणीच नाही येणार. आणि मी त्याला शब्द देऊन बसलेय, रिकामं नाही ठेवणार म्हणून. त्यानं त्याचं काम केलं. तू चालतोयस, जेवतोयस, फोन करतोयस."

मी म्हटलं, "सगळ्यांना पुन्हा फोन करून सांगू का, की फोन केला नव्हता असं समजा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उरलेले कांदे चिरायला घेतले.

रात्रभर वाईट वाटत राहिलं. लोकांची मानखंडना आपण केली, आणि तीही मोबाईलचे पैसे भरून.

११ ऑक्टोबर, शनिवार

अनेझोला काय झालंय कळत नाही. सकाळी माझी दुकानाची गाडी मागून घेतली आणि दुपारी परत आली ती पाच पातेली घेऊन. काळी, ठोकलेली, बुडाला चार पिढ्यांची काजळी.

"हे काय?"

"भांडी कमी पडतात."

"अगं, तीनशे माणसांची भांडी दुकानात पडून आहेत! कोरी!"

"पडतात कमी."

१३ ऑक्टोबर, सोमवार

आणखी सात. एक मासळीवाल्याच्या बायकोचं, आणि त्या मासळीवाल्यानं तर मला त्या फोनपासून नमस्कारसुद्धा केलेला नाही. बेकरीवालीचं एक. डॉक्टरच्या आईचं एक, त्याला कान तुटलेला.

आज मी बरोबर गेलो, बघू म्हटलं ही करते काय. कालिर्रोईमावशीच्या दारात गाडी थांबवली.

"मावशी, तुमचं मोठं पातेलं द्याल का? जाड बुडाचं आमच्याकडे नाही."

"कशाला हवंय?"

"सुपाला."

"किती मटण?"

"चार बोकड."

"तांदूळ कधी टाकतेस?"

"तुम्ही कधी टाकता?"

"मी? मांस हाडापासून सुटायला लागलं की. लवकर टाकलास तर लापशी होते. आणि कांदा?"

"कांदा कधी घालावा?"

मग अर्धा तास कांदा. यावं, येणार का, तारीख, वेळ, एक शब्द निघाला नाही. धंदा असा केला असता तर मी अजून बर्फ वाहत असतो. शेवटी पातेलं गाडीत चढवलं आणि मी म्हटलं, "मावशी, झाकण राहिलं..."

अनेझोनं माझ्या पायावर पाय दिला. तिचे बूट लाकडी टाचेचे आहेत.

गाडीत मी विचारलं, "झाकण का नाही घेतलं?"

"गाडीत जागा नाही," ती म्हणाली. मागे अख्खा फ्रीज मावतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

एकतीस पातेली. अंगणात चालायला जागा नाही. मांजर एकात व्यायली आहे. माझ्या पायाचा अंगठा अजून काळानिळा.

एकतिसावं बार्बा लिनार्दोसचं, त्याच्या गेलेल्या बायकोचं. त्यानं दिलं कसं कोण जाणे. बायको गेल्यापासून ते त्यानं खुंटीवरून काढलं नव्हतं. अनेझो म्हणते, तिनं फक्त विचारलं की यात सूप लागतं का. तो म्हणाला, लागत नाही, पण आच कमी ठेव. आणि दोनदा सांगितलं, आच कमी ठेव.

१८ ऑक्टोबर, शनिवार

चार बोकड कापले. प्रार्थनेनंतर वाटायचे पाच गोड पाव भाजून झाले. दारू माझ्याच द्राक्षांची, तिखट कोपानिस्ती चीज फ्राँजेस्कोसच्या बायकोचं. मी स्टीलच्या पातेल्यांना शेगड्या जोडल्या. अनेझोनं शेतात दगडांच्या चुली मांडल्या, एकतीस नाही, पण बारा तरी, पातेली आळीपाळीनं चढवायला.

वारा सात. रेडिओवर म्हणाले, उद्या आठ. झालं, म्हटलं. आता खरंच कोणी येणार नाही, आणि कारणही खरं निघणार.

२० ऑक्टोबर, सोमवार

कालचं आज लिहितोय, काल हात मोकळा नव्हता.

पाच वाजता संध्याप्रार्थना सुरू झाली. माणसं मोजली: मी, अनेझो, आमच्या दोन मुली, जावई, फ्राँजेस्कोस आणि त्याची बायको, पाद्री पापा याकुमीस आणि त्यांचा स्तोत्रं गाणारा. नऊ. संत धरून दहा. वारा असा की घंटा आपोआप वाजत होती. अनेझो प्रतिमेसमोर उभी होती, नवीन मेणबत्ती हातात, आणि मागे वळून बघत नव्हती. मी बघत होतो. तिच्या मानेवरून मला कळत होतं की तीही कानानं बघतेय. एवढ्या वर्षांत मी तिला नवं घर दिलं, गाडी दिली, अथेन्सहून कोट आणला. पण तिनं स्वतःसाठी काही मागितलं असं ते एकच, माणसं. आणि तेच मी फोनवर घालवलं.

पापा याकुमीस एरवी ही प्रार्थना वीस मिनिटांत उरकतात. त्यांचे गुडघे दुखतात. काल त्यांना काय झालं होतं कोण जाणे, एकेक ओळ ताणत होते, धुपाटणं चारही भिंतींना दोन-दोनदा ओवाळत होते. पाऊण तास झाला. गाणारा घड्याळ बघत होता. पापा त्याच्याकडे बघून म्हणाले, "पुन्हा एकदा, सावकाश."

तेवढ्यात मला उतारावर काहीतरी चमकलेलं दिसलं. मग दुसरं. वाटलं, पत्रे उडाले कोणाचे.

कालिर्रोईमावशी पुढे होती. वाऱ्याविरुद्ध वाकून, पातेल्याचं झाकण ढालीसारखं छातीशी धरून. तिच्यामागे मासळीवाल्याची बायको, झाकण डोक्यावर. बेकरीवाली, डॉक्टरची आई डॉक्टरच्या हाताला धरून, आणि झाकण डॉक्टरच्या हातात. मागे त्यांचे नवरे, पोरं, सुना, कुत्री. लढाईला निघाल्यासारखी सगळी वर चढत होती.

"काय बाई तुम्ही!" कालिर्रोईमावशी दारातूनच ओरडली, प्रार्थना चालू असताना. "पातेलं नेलंत आणि झाकण विसरलात! झाकणाशिवाय सूप होतं का? म्हटलं, नेऊन द्यावं."

"आमचंही राहिलं," बेकरीवाली म्हणाली.

"आमचंही."

"हो का?" अनेझो म्हणाली. "लक्षातच नाही आलं बघा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पापा याकुमीसांनी उरलेली प्रार्थना चार मिनिटांत संपवली.

कालिर्रोईमावशीनं चव घेतली आणि म्हणाली, "मीठ आहे कुठे?" तिथून पुढे माझं कोणी ऐकलं नाही. प्रत्येक बाई आपापल्या पातेल्यापाशी उभी, आपापल्या पातेल्यातलं सूप सर्वांत चांगलं म्हणून दुसरीला चाखवत. मासळीवाला मला म्हणाला, "झान्नी, कांदा कापायला सुरी दे, नुसता उभा का आहेस यजमानासारखा?" त्या फोनपासूनचा पहिला शब्द. मी सुरी आणायला पळालो.

बार्बा लिनार्दोस सगळ्यांत शेवटी आला. झाकण काखेत. पाठीला पिशवी.

"आच कमी ठेवली होती का?"

"कमीच आहे, बार्बा," अनेझो म्हणाली.

त्यानं पातेल्याचं बूड वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं.

मी म्हटलं, "वाद्य आणलंत?"

"घरी उंदीर आहेत. ठेवून कसा येऊ?"

दोन घोट घेतले, मग तो म्हणाला, फुगवून बघतो, हवा धरते का. हवा धरली. वाऱ्यात ती पिशवी अशी ओरडायला लागली की पलीकडच्या गोठ्यातले बोकड उत्तर देऊ लागले. मासळीवाला आणि बेकरीवाली पहिले उठले. माझं ऑपरेशन झालेलं असूनही मी नाचलो, डॉक्टर समोर होता, म्हणाला, "नाच, संत बघतोय, मी नाही." मी पाकिटात घालून तीनशे युरो द्यायला गेलो तर लिनार्दोसनं ते घेतले, उठून चॅपलमध्ये गेला आणि मेणबत्त्यांच्या पेटीत टाकून आला. "मेणबत्त्या कमी होत्या," म्हणाला.

वारा आठचा होता. तीन टोप्या आणि माझी ताडपत्री समुद्रात गेली. वाऱ्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही.

माझी स्टीलची पातेलीही कामाला आली. दोन पातेल्यांत ताटं धुतली. तिसऱ्यात मांजराची पिल्लं ठेवली.

मी मोजलं: एकशे शहाऐंशी माणसं. एकतीस पातेली. पातेल्यामागे सहा. आयुष्यभर धंदा करून मला असला भाव कधी मिळाला नाही, आणि घरात बसलेल्या बाईनं तो एक शब्द न बोलता मिळवला. शेवटचा पाव वाटून झाल्यावर अनेझो प्रतिमेपाशी गेली, मेणबत्ती नीट केली आणि संताला म्हणाली, "झालं?" एवढंच. मग भांडी आवरायला आली.

२२ ऑक्टोबर, बुधवार

बापाला हलवायचं नाही असं ठरवलं. कालिर्रोईमावशीच्या सासऱ्याशी जमलंय त्याचं, तर राहू दे. मी म्हटलं, मावशी, दिवा लावाल तेव्हा सांगा त्याला, जत्रा चांगली झाली. ती म्हणाली, "सांगितलं कधीच. मीठ कमी होतं तेही सांगितलं."

पातेली परत करायला अनेझोबरोबर गेलो. एकतीस घरं, एकतीस कॉफ्या. पोटात अजून गडबड आहे. प्रत्येक घरी पुढच्या वर्षीचं बोलणं, आणि कोणी एकदाही मला विचारलं नाही, किती जण येतील म्हणून. आता मीही विचारत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सिलिंडर परत द्यायचे होते, म्हणून गॅसवाल्याला फोन केला. म्हटलं, झान्नीच्या आर्तेमिओसपाशी ये.

"कुठे?"

"नवीन चॅपल. आनो मेराच्या पलीकडे, तांबडा घुमट."

"हां, मग असं सांगा ना!"

दुपारी आला, दोन्ही उचलले आणि पावती देऊन गेला. पावतीवर लिहिलंय: सिलिंडर दोन, भरलेले, न वापरता परत. पत्ता: अनेझोचा आर्तेमिओस.